माझ्या नावावर दुसऱ्याचे हृदय

जुन्नर,
रविवार, १२ मार्च २००६

प्रिय प्रेमचंद यास सावळेरामचा नमस्कार.

विनंती काही नाही. विशेष मात्र पुष्कळ आहे, आणि तो तुला रुचणार नाही. तरीही शेवटपर्यंत वाच. दूरध्वनीवर मला निम्मे ऐकू येते आणि तू निम्मेच सांगतोस, म्हणून लेखी विचारतो आहे.

मंचरच्या तपासणी शिबिराचे दोन्ही कागद माझ्यासमोर आहेत. माझा टपालाने आला. तुझ्या कागदाची झेरॉक्स तू मार्केटला आलेल्या आमच्या गेणभाऊंच्या हाती पाठवलीस. साखर उतरली, चरबी उतरली, कंबरेचा घेर उतरला, हे मला दाखवून चिडवावे हा हेतू असावा. गेल्या वर्षी पुण्याच्या संशोधकांच्या यादीत आपण दोघे एकाच कारणाने शिरलो होतो. वाढलेले पोट, चढा रक्तदाब, रक्तात साखर आणि चरबी, या सर्वांच्या एकत्र येण्यास ते मेटाबोलिक सिंड्रोम म्हणतात. मी त्यास चयापचय-विकारसमूह म्हणतो आणि तू हसतोस. असे लोक निवडायचे, दर वर्षी त्यांचे रक्त आणि हृदय तपासायचे, आणि हृदय बिघडण्यापूर्वी रक्त काही सांगते का हे पाहायचे, असा त्यांचा उद्देश आहे. उद्देश उत्तम आहे. माझी तक्रार अंमलबजावणीविषयी आहे.

आता नीट लक्ष दे. हृदयावर ताण आला की हृदयातून एक प्रथिन रक्तात उतरते. कागदावर त्याचे नाव म्हणजे इंग्रजी अक्षरांची आगगाडी आहे. मी त्यास ताणाचे प्रथिन म्हणतो. माझ्या रक्तात हे प्रथिन मर्यादेच्या आत आहे. तुझ्या रक्तात ते गेल्या वर्षापेक्षा वाढलेले आहे. आता छातीला जेली फासून काढलेले हृदयाचे चित्र पाहा. माझ्या नावाच्या चित्रात हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठ झालेली आहे, रक्त भरून घेताना तो कप्पा पुरेसा सैलावत नाही, आणि त्याच्या वरचा कप्पा फुगलेला आहे. तुझ्या नावाच्या चित्रात गेल्या वर्षापेक्षा काहीही नवे नाही. म्हणजे ताठलेले हृदय माझे आणि त्याच्या ताणाची खूण तुझ्या रक्तात! कर्ता एका वाक्यात आणि त्याचे क्रियापद दुसऱ्या वाक्यात, असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी आयुष्यभर शून्य गुण दिले.

निष्कर्ष एकच निघतो. चित्रांची अदलाबदल झालेली आहे. ती कशी झाली हेही मला ठाऊक आहे. पुकारा माझ्या नावाचा झाला होता. मी बुटांच्या नाड्या सोडत होतो. तेवढ्यात तू, "मास्तर, तुझं आवरेस्तोवर माझं उरकून घेतो," असे म्हणत पडद्याआड घुसलास आणि माझ्यासाठी अंथरलेल्या खाटेवर आडवा झालास. यंत्रात नाव माझे, आणि खाली तू.

तुझी चेतना त्याच संशोधनात डॉक्टर आहे. एवढी ढोबळ विसंगती तिच्या नजरेतून सुटली असेल यावर माझा विश्वास नाही. मग ती गप्प का आहे? उत्तर पाठव. चेष्टा नको.

तुझा
सावळेराम


मंचर,
१९ मार्च २००६

मास्तर, जय जिनेंद्र.

चेष्टा नको असं लिहिलंस, म्हणजे किराणा दुकानात येऊन किराणा नको म्हणण्यासारखं झालं.

तुझं पत्र गल्ल्यावर बसूनच वाचलं. आमच्या जिनेशनं विचारलं, "पप्पा, चेहरा का असा? कुणाची नोटीस आली का?" म्हटलं, "सावळेरामकाकांचं पत्र आहे." तर म्हणतो, "मग नोटीसच की."

ते चित्र माझं नाही. यंत्रावर बसलेल्या मुलानं मी आडवा झाल्यावर विचारलं, "आजोबा, तुमचं नाव?" मी माझंच सांगितलं. खोटं कशाला सांगू? आणि माझ्या चेतनावर संशय घेऊ नकोस. ती लहान असताना सुट्टीत तुझ्याकडून निबंध तपासून घ्यायची. तेव्हापासून तिला चूक लपवायची भीती बसली आहे, ती अजून गेलेली नाही.

पोटाचं म्हणशील, तर तेल आता मी नुसतं विकतो, खात नाही. एवढंच.

आता माझं विचारणं. बुटाच्या नाड्या सोडायला तुला इतका वेळ का लागला? तुझे पाय बुटात मावत नव्हते, मी पाहिलं. दुसरं, गेणभाऊ कांदा घेऊन मार्केटला आले होते. विचारलं, "मास्तर कसे आहेत?" तर म्हणाले, "बरं हायेत की. पन आताशा शिवनेरीला पयल्या दरवाज्यापाशीच बसत्यात. म्या म्हनलं, चला राव, वर जाऊ, शिवाईचं दर्शन घिऊ. तर म्हनले, तू हो पुढं, मी शिल्प बघतो. म्या वर जाऊन खाली आलो तरी ह्ये शिल्पच बघत व्हते." मास्तर, दगडातला तो शरभ काय पळून जाणार होता?

तिसरं. चेतनानं तुझ्या कागदासोबत लिहून दिलेल्या गोळ्या सुरू केल्यास का? तेवढं एक सरळ लिही, नाहीतर मी बयाबाई वहिनींना विचारीन. त्यांच्या उत्तरात तुझ्यासारखी पोटवाक्यं नसतात.

उगमचा तुम्हा दोघांना नमस्कार.

प्रेमचंद


जुन्नर,
२७ मार्च २००६

प्रिय प्रेमचंद,

तू तीन प्रश्न विचारलेस आणि माझ्या प्रश्नाला बगल दिलीस. तुझ्या प्रश्नांची उत्तरे आधी देतो, म्हणजे तुला पळवाट उरणार नाही.

बुटांचे कातडे आवळले आहे. ऊन वाढू लागले की सर्वांच्याच बुटांचे आवळते. शरभाच्या शिल्पाविषयी मी लेख लिहिणार आहे आणि त्यासाठी ते पुनःपुन्हा पाहणे आवश्यक आहे. बयाबाईंना विचारण्याचा धाक मला घालू नकोस. त्या हल्ली माझ्या पाठीशी उशांचा ढीग रचतात आणि शेजारणीला सांगतात, "आडवं झालं की ह्यांना धाप लागतीया. बसूनच झोपत्यात." ती धाप नव्हे, तो कफ आहे. आणि गोळ्या मी सुरू केलेल्या नाहीत. दुसऱ्याच्या हृदयाचे औषध मी का घ्यावे?

आता माझा पुरावा ऐक. शिबिरात रक्त दिल्यावर सर्वांना चहा आणि बिस्किटे दिली. शाळेपासून आजवर तू समोर आलेले बिस्कीट परत पाठवल्याचे मला स्मरत नाही. त्या दिवशी पाठवलेस. नंतर आपण तुझ्या घरी गेलो. उगमवहिनींनी माझे ताट वाढले. तुझे वाढले नाही. मी विचारले तेव्हा तू म्हणालास, "तू जेव. माझी काळजी करायला उगम आहे." हे उत्तर नव्हते. सबंध दुपार तू थर्मासमधले पाणी तेवढे पीत होतास आणि वहिनी तुझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या, तसे घरातील आजारी माणसाकडेच पाहतात. तुझ्या सदऱ्याच्या गळपट्टीत आता दोन बोटे सहज जातील. ज्याचे पोट दुकानात त्याच्या आधी शिरत असे, तो माणूस वर्षभरात असा ओसरतो आणि कारण विचारले की तेल खात नाही म्हणतो!

तुला अन्न जात नाही, प्रेमचंद. तुझे हृदय बिघडले आहे. चेतनाला ते कळले आहे, आणि वडिलांना धक्का बसू नये म्हणून तिने ते चित्र माझ्या नावावर राहू दिले आहे. तिचा हेतू मी समजू शकतो. पण त्यामुळे तू उपचारावाचून राहतोस आणि मी विनाकारण रोगी ठरतो. तिला मी आजच स्वतंत्र पत्र पाठवले आहे.

तुझा
सावळेराम


पुणे,
३ एप्रिल २००६

आदरणीय सावळेरामकाका,
सादर नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले; एकदा डॉक्टर म्हणून आणि एकदा निबंधाची वही पुढे करून उभी असलेली मुलगी म्हणून. दोन्ही वेळा घाबरले, पण वेगवेगळ्या कारणांनी.

चित्रांची अदलाबदल झालेली नाही. तुमचे गेल्या वर्षीचे आणि या वर्षीचे चित्र मी शेजारी ठेवून पाहिले. तुमच्या हृदयाच्या एका झडपेवर चुन्याचा लहानसा ठिपका आहे. तो दोन्ही चित्रांत त्याच जागी आहे. असा ठिपका कोणी कोणाच्या नावावर करू शकत नाही.

तुमचा प्रश्न मात्र योग्य आहे. हृदय ताठलेले असेल तर रक्त गप्प का? काका, अंगावर चरबी जास्त असणाऱ्यांच्या रक्तात हे प्रथिन कमी सापडते. असे का होते याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. म्हणून मोठे पोट असलेल्या माणसाचा हा आकडा मर्यादेत आला तरी आम्ही निश्चिंत होत नाही. चित्र पाहतो, आणि चित्रापेक्षाही माणसाला काय होते आहे ते पाहतो. उलट एखाद्याचे वजन उतरले तर हा आकडा काहीसा वाढलेला दिसू शकतो. तेवढ्यावरून त्याचे हृदय बिघडले असे म्हणता येत नाही.

पप्पांच्या तपासणीविषयी मी तुमच्याशी बोलू शकत नाही. एकाची माहिती दुसऱ्याला द्यायची नाही, हा आमचा नियम आहे. मुलगी म्हणून मात्र एक विचारते. फोनवर पप्पा सगळे ठीक आहे म्हणतात आणि आई लगेच विषय बदलते. शिबिराच्या दिवशी तुम्ही आमच्या घरी होतात. तुम्हाला काही वेगळे जाणवले का?

आता तुमच्याविषयी. नडगीवर अंगठ्याने थोडा वेळ दाबून पाहा आणि खळगा राहतो का ते मला कळवा. चालताना किंवा आडवे झाल्यावर दम लागतो का, हेही कळवा. आणि गुरुवारी, २० तारखेला, आमच्या पुण्याच्या केंद्रात नक्की या. हृदयाचे मोठे डॉक्टर त्या दिवशी असतात. कृपा करून टाळू नका.

तुमची
चेतना


जुन्नर,
८ एप्रिल २००६

प्रिय प्रेमचंद,

तुझ्या मुलीचे पत्र आले. तिचे मराठी अजूनही निर्दोष आहे, हे प्रथम नमूद करतो. मजकूर मात्र संशय वाढवणारा आहे.

ती म्हणते, माझ्या झडपेवर चुन्याचा ठिपका आहे. असेल. मी तो पाहिलेला नाही आणि पाहिला तरी मला ओळखता येणार नाही. ती म्हणते, लठ्ठ माणसाच्या रक्तात ताणाची खूण कमी उमटते. वा! साक्षीदार आपल्या बाजूने बोलला की तो लठ्ठपणामुळे बोलला, आणि विरुद्ध बोलला की ते मात्र शास्त्र! ती म्हणते, तुझ्या तपासणीविषयी ती मला काही सांगू शकत नाही. ज्याचे सर्व ठीक असते त्याविषयी न सांगण्याचे कारण काय? आणि त्याच पत्रात, त्याच हाताने, ती मला विचारते की पप्पांमध्ये तुम्हाला काही वेगळे जाणवले का. प्रेमचंद, तुझी मुलगी तुझ्यासाठी धास्तावलेली आहे. माझ्या तर्काला याहून मोठा आधार कोणता हवा?

तिने मला नडगीवर अंगठा दाबून पाहायला सांगितले. दाबला. खळगा राहिला. कणकेतही राहतो, म्हणून कणकेला कोणी हृदयरोगी म्हणत नाही. बयाबाई हे शेजारी बसून पाहत होत्या. म्हणाल्या, "आवं, कणीक मळावी तवा फुगती. तुमचे पाय न मळता फुगल्यात."

२० तारखेला मी पुण्यास जाणार नाही. मी चेतनाला तसे कळवले आहे. जी व्याधी माझी नाही तिच्यासाठी धूळ खात मी जाणार नाही आणि गोळीही घेणार नाही. जायचे तर तू जा. तू एकटा जाण्यास कचरत असशील, तर तसे सांग. तुझ्यासाठी मी येईन. तुझ्यासाठी, माझ्यासाठी नव्हे, हे नीट वाच.

तुझा
सावळेराम


मंचर,
१३ एप्रिल २००६

सावळेराम,

तुझं खरं आहे. ते चित्र माझं आहे. मी खाटेवर आडवा झालो तेव्हा यंत्रात तुझं नाव होतं आणि मी काही बोललो नाही. चेतनाला हे ठाऊक नाही.

२० तारखेला पुण्यात पुन्हा चित्र काढायचं आहे. एकट्यानं जायची भीती वाटते. तू बरोबर चल. नारायणगावला सकाळची पुण्याची गाडी पकड. मी मंचरच्या थांब्यावर चढतो. बयाबाई वहिनींनाही घेऊन ये.

प्रेमचंद


मंचर,
१३ एप्रिल २००६

चि. चेतना, आशीर्वाद.

आज मी सावळेरामकाकाला खोटं लिहिलं. त्याच्या छातीचं चित्र माझं आहे असं लिहिलं. पेन दोनदा खाली ठेवलं, मग लिहिलं. गुरुवारी आम्ही येतोय. त्याला वाटतंय तो माझ्यासाठी येतोय. तसंच वाटू दे. स्वतःसाठी तो कधी यायचा नाही.

तू त्याला हल्ली पाहिलेलं नाहीस. शिबिराच्या दिवशी आपल्या घराच्या पायऱ्या चढताना तो दोनदा थांबला, आणि दोन्ही वेळा दाराच्या चौकटीची तारीफ केली. ही चौकट तो चाळीस वर्षं बघतोय. त्याला आता नाही नेलं, तर पुढच्या शिबिरात तुझ्या यादीतलं एक नाव कमी होईल, असं मला वाटायला लागलंय.

आता तुला जे सांगितलं नाही ते सांगतो, कारण गुरुवारी तू मलाही यंत्राखाली घेशील आणि सगळं उघडं पडेल. गेल्या चैत्रात मी वर्षीतप घेतलं. एक दिवस पूर्ण उपवास, फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत, दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवण, असं वर्षभर. अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसानं पारणं. वजन त्यानं उतरलं. शिबिराचा दिवस उपवासाचा होता. साखरेच्या गोळ्या चालू असताना तू हे करू दिलं नसतंस, म्हणून तुला कळू दिलं नाही. उगमला मीच गप्प राहायला सांगितलं, तिच्यावर रागावू नकोस. उपवासाच्या दिवशी गोळी घेत नाही, जेवणाच्या दिवशी घेतो.

पारण्याला आता थोडेच दिवस राहिलेत. तू मोडायला सांगितलंस तर गुरुवारी मोडीन. वाईट वाटेल, पण मोडीन. फक्त आधी त्याला खाटेवर घे. माझं नंतर बघ.

खोट्याचं प्रायश्चित्त आपल्या मुनी महाराजसाहेबांकडून घ्यावं लागेल. घेईन.

पप्पा


जुन्नर,
२४ एप्रिल २००६

प्रिय प्रेमचंद,

गुरुवारच्या प्रवासाविषयी आपण समोरासमोर काही बोललो नाही. परतीच्या गाडीत तू डोळे मिटून बसलास आणि मी खिडकीबाहेर पाहत बसलो. काही गोष्टी कागदावर याव्यात म्हणून लिहितो.

तुझे तेरा तारखेचे पत्र खोटे आहे हे मला वाचताक्षणी कळले होते. शाळेपासून तू मला मास्तर म्हणतोस, मी मास्तर होण्याच्या कितीतरी आधीपासून. त्या पत्रात तू मला 'सावळेराम' म्हटलेस. पत्रात एकही चेष्टा नव्हती. 'जय जिनेंद्र' नव्हते. ते लिहून खाली खोटे लिहिणे तुला जमले नसावे. आणि ज्या माणसाला स्वतःच्या हृदयाची भीती वाटते, तो बयाबाईंना बरोबर आणण्याची आठवण कशाला करील? तुला खोटे लिहिता येत नाही, प्रेमचंद. सरावच नाही.

मग मी आलो का, हे तू विचारशील. चेतनाच्या चुन्याच्या ठिपक्याने मी हललो नव्हतो. बयाबाईंच्या उशांनी हललो नव्हतो. नडगीवरच्या खळग्याने तर विनोद सुचला होता. पण तू माझ्यासाठी खोटे लिहिलेस, हे पाहून मला प्रथमच भीती वाटली. ज्याने गिऱ्हाइकाला कधी जुनी डाळ नवी म्हणून दिली नाही, तो माणूस खोटे लिहू लागला, म्हणजे माझे काहीतरी खरोखर बिघडलेले असले पाहिजे. हा पुरावा मला खोडता आला नाही. म्हणून मी गाडीत बसलो, तुझी जागा धरली आणि तुझ्यासाठी येतो आहे असे तुला वाटू दिले.

खाटेचा प्रसंग तुला आठवत असेल. चेतना म्हणाली, "पप्पा, आधी तुम्ही." तू म्हणालास, "नको, नको. मागच्या वेळी मी मास्तरची पाळी खाल्ली, आज त्याला आधी घे." तुम्ही दोघे बापलेक अभिनयात नापास आहात. मी मुकाट्याने आडवा झालो, आणि आडवा होताच धाप लागली. तिथे कफाचे नाव घेण्याचे धैर्य मला झाले नाही. चेतनाने पडदा माझ्याकडे वळवून तो ठिपका दाखवला. भिंत जाड होती, कप्पा अडखळत भरत होता. शिबिराच्या आणि त्या दिवशीच्या, दोन्ही चित्रांत तेच हृदय होते आणि ते माझे होते.

नंतर बाहेरच्या बाकावर जे घडले, ते मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण तू ते जिनेशला वेगळ्या तऱ्हेने सांगशील.

चेतना तुला म्हणाली, "साऱ्या तालुक्याची मापं मी घेते आणि माझ्याच घरचा माणूस मला फसवतो?"

तू म्हणालास, "फसवलं नाही बेटा, सांगितलं नाही."

"गल्ल्यावर बसल्या बसल्या साखर एकदम खाली गेली असती म्हणजे? उपवासाला गोळी घ्यायची नाही, हे कोणत्या डॉक्टरनं ठरवलं?"

"मी."

"तुम्ही डॉक्टर कधीपासून झालात?"

त्यावर आमच्या बयाबाई बाकाच्या टोकावरून म्हणाल्या, "आगं पोरी, दोगंबी डाक्टरच हायेत. ह्यो सोताचं पोट तपासतो आन् आमचं ह्ये सोताचं काळीज. औषिध तेवढं कुनीच घेत न्हाई." तेव्हा चेतना रडता रडता हसली. तपाचा निर्णय तिने चांगला केला. उरलेले दिवस पूर्ण करायचे, पण मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या बसवून दिल्या तशाच घ्यायच्या, जिनेशने रोज साखर तपासायची, आणि ती घसरली तर त्या क्षणी पारणे. तू लगेच मान डोलावलीस. फार लगेच डोलावलीस, असे मला वाटले. जिनेशला मी वेगळे पत्र टाकले आहे.

तुझ्या रक्तात वाढलेले ते प्रथिन उतरलेल्या वजनामुळे असावे, असे तिचे मत आहे. तरीही ती पुन्हा तपासणार आहे. हे योग्य आहे. मीही कागद हाती येताच तेवढेच करायला हवे होते. माझा संशय पोकळ नव्हता. दोघांपैकी एकाचे हृदय खरोखरच बिघडलेले होते. पाकिटावरचा पत्ता तेवढा मी चुकवला.

गोळ्या सुरू केल्या आहेत. एक रक्तदाबाची, एक पाणी बाहेर काढणारी. दुसरीमुळे घरातील माझी वर्दळ फार वाढली आहे.

अक्षय्य तृतीयेला आम्ही दोघे मंचरला येतो. ऊस गेणभाऊंच्या मळ्यातला आणतो. रस चेतना मोजून देईल तेवढाच घ्यायचा, पण पहिला घोट मी पाजणार. घरच्या माणसांचा तो मान असतो हे मला माहीत आहे. म्हणूनच म्हणतो.

या खोट्याचे प्रायश्चित्त तू घेणार आहेस असे चेतनाकडून कळले; महाराजसाहेबांनी ते काय दिले ते कळव. आणखी उपवास सांगितले असतील तर त्यांना तुझी साखर सांग. सांगितलेस की नाही, हे मी स्वतः त्यांना विचारीन. माझ्याकडून म्हणशील तर शिक्षा एवढीच, की पुन्हा कधी मला 'सावळेराम' म्हणून पत्र लिहू नकोस.

तुझा
मास्तर

ता. क. बयाबाईंना खाली काही लिहायचे आहे. त्यांच्या लेखनातील काहीही मी सुधारलेले नाही.

परेमचंदभाऊ, ह्यांच्या पायाची सूज उतारली. बूट घालत्यात. परवा शिवनेरीच्या पयल्या दरवाज्यापत्तर गेलं आन् शिल्प न बघता माघारी आलं. रातच्याला एका उशीवर निजत्यात. गोळी घेतली म्हनून सांगत्यात, पन माजा इस्वास न्हाई. म्या रोज तोंड उघडाया लावते आन् जिभंखाली बघते. उगमबाईस्नी बी सांगा, तुमचं बघत जा म्हनावं.